कंद वाटणारा माणूस

१५६२ साली कॉन्स्टँटिनोपलहून निघालेल्या कापडाच्या गाठी अँटवर्पच्या बंदरात उतरल्या. गाठी सोडल्या तेव्हा व्यापाऱ्याला कापडाबरोबर काही कांदे सापडले. तुर्कस्तानातले कांदे कसे लागतात ते पाहावं म्हणून त्यानं त्यातले काही निखाऱ्यावर भाजले, तेल आणि व्हिनेगर लावून खाल्ले. उरलेले परसातल्या कोबीच्या वाफ्यात पुरले आणि विसरून गेला. त्यातले बहुतेक कुजून गेले. जे थोडे उरले ते मेखेलनच्या योरिस रेय नावाच्या एका व्यापाऱ्याला मिळाले. रेयला झाडाफुलांचा षौक होता. त्यानं ते नीट लावले आणि पुढल्या वसंतात त्या भागातल्या लोकांनी आजवर न पाहिलेले रंग त्याच्या बागेत उमलले. व्यापाऱ्यानं ज्यांची कोशिंबीर केली होती ते ट्युलिपचे कंद होते.

ही हकिगत आज आपल्याला माहीत आहे ती एका माणसानं ती लिहून ठेवली म्हणून. त्याचं नाव कॅरोलस क्लुसियस. युरोपातल्या वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात हे नाव फार मोठं आहे. हॉलंडला ट्युलिपचं वेड लावणारा माणूस म्हणून पर्यटकांना मिळणाऱ्या माहितीपत्रकांतही ते असतं. माझी त्याच्याशी ओळख मात्र ट्युलिपमुळे झाली नाही, गोव्यामुळे झाली. गार्सिया द ओर्ता या गोव्यातल्या पोर्तुगीज वैद्याविषयी वाचत असताना हा क्लुसियस पानोपानी भेटू लागला. आपल्या आंब्या-फणसाची, हिंगाची आणि भांगेची वार्ता युरोपभर पोचवणारा आणि तिकडच्या बागांत ट्युलिप, नार्सिसस, फ्रिटिलारिया वाटत फिरणारा माणूस एकच, हे कळल्यावर त्याचा माग काढल्याशिवाय मला राहवेना.

क्लुसियसचा जन्म १९ फेब्रुवारी १५२६ रोजी आरास इथं झाला. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. तेव्हा ते हॅब्सबर्ग राजघराण्याच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये मोडत होतं. मूळ नाव शार्ल द लेक्लूझ. त्या काळच्या पंडितांच्या रिवाजाप्रमाणे त्यानं त्याला लॅटिन रूप दिलं. वडील दरबारी कामकाजातले, घर खानदानी. मुलानं वकील व्हावं ही अपेक्षा होती, म्हणून लूव्हेनला कायद्याचं शिक्षण झालं. पुढे तो जर्मनीत मारबुर्गला आणि तिथून विटेनबर्गला गेला. विटेनबर्ग म्हणजे ल्यूथरचं गाव. तिथं मेलांख्थॉनच्या सहवासात सुधारणावादी ख्रिस्ती विचार त्याच्या मनात रुजला आणि त्याची किंमत पुढे त्याला आणि त्याच्या घराण्याला मोजावी लागली.

कायद्याच्या पुस्तकांतून त्याला बाहेर ओढलं ते माँपेलिएच्या गियोम रोंदले या वैद्यकाच्या प्राध्यापकानं. १५५१ च्या सुमारास क्लुसियस त्याच्या घरीच राहायला गेला. रोंदले त्या वेळी माशांवरचा आपला मोठा ग्रंथ लिहीत होता आणि क्लुसियस त्याला लेखनात मदत करी. रोंदलेच्या विद्यार्थ्यांना रानावनात, समुद्रकाठी हिंडून वनस्पती स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्या लागत. जुन्या ग्रीक ग्रंथात काय लिहिलं आहे ते नंतर, आधी पान, फूल, मूळ हातात घेऊन बघायचं, ही शिस्त क्लुसियसला इथं लागली ती कायमची. वैद्यकाची पदवी घेऊन त्यानं दवाखाना थाटला नाही. नाडीपरीक्षेपेक्षा त्याचं मन झाडाच्या मुळाशी जास्त रमत होतं.

पोटासाठी त्यानं भाषांतरं केली. श्रीमंत घरांतल्या तरुणांचा शिक्षक आणि प्रवासातला सोबती म्हणूनही काम केलं. १५६४ मध्ये आउग्सबुर्गच्या फुग्गर या सावकारी घराण्यातल्या तरुणाला घेऊन तो स्पेन आणि पोर्तुगालच्या दौऱ्यावर गेला. घोड्यावरून पडून हाड मोडलं, तरी दोनशेच्या आसपास नव्या वनस्पतींची टिपणं घेऊनच तो परतला. याच प्रवासात त्याच्या हाती गोव्यात छापलेलं एक पोर्तुगीज पुस्तक पडलं.

ते पुस्तक ओर्ताचं होतं. ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि अखेरपर्यंत तिथं राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं आणि तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाचं कौतुक त्यानं पुस्तकात केलेलं आहे. हिंदुस्थानातली औषधी झाडं, मसाले, फळं यांविषयी दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपानं लिहिलेलं हे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. छपाईच्या चुकांनी ते भरलेलं होतं, ऐसपैस गप्पांनी फुगलेलं होतं आणि पोर्तुगीज न जाणणाऱ्या पंडितांना त्याचा उपयोग नव्हता. क्लुसियसनं त्याची किंमत ओळखली. संवाद काढून टाकले, मजकूर आटवला, प्रत्येक वस्तूचं स्वतंत्र प्रकरण केलं, स्वतःच्या टीपा जोडल्या आणि १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांटिनच्या छापखान्यातून त्याची सुबक लॅटिन आवृत्ती काढली. युरोपनं पुढची कित्येक वर्षं ओर्ता वाचला तो बहुतांशी क्लुसियसच्या लॅटिनमधून. हिंदुस्थानच्या वनस्पतींविषयी युरोपच्या ज्ञानाचा पाया घालणाऱ्या पुस्तकांत याची गणना होते.

इथं मला नेहमी एक गोष्ट अस्वस्थ करते. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळली. तिकडे क्लुसियसच्या मायदेशातही याच सुमारास स्पेनच्या राज्यकर्त्यांनी सुधारणावाद्यांचा छळ मांडला होता आणि त्याच्या घराण्याला त्याची झळ लागली होती. दोघांची भेट कधी झाली नाही. एकमेकांपासून हजारो मैलांवर राहणाऱ्या या दोन माणसांच्या डोक्यावर एकाच धर्मसत्तेची तलवार टांगलेली होती आणि मधल्या मधे एक पुस्तक मात्र सुखरूप निसटलं.

१५७३ मध्ये सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियननं क्लुसियसला व्हिएन्नाला बोलावून घेतलं. काम होतं शाही बाग उभारण्याचं. क्लुसियस तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. व्हिएन्ना हे त्या काळी तुर्की साम्राज्याच्या सीमेजवळचं शहर. लढाया चालू, आणि लढायांच्या मधल्या काळात वकिलातींची ये-जाही चालू. या वकिलांच्या सामानातूनच पूर्वेकडची फुलं युरोपात येत होती. सुलेमान सुलतानाच्या दरबारी सम्राटाचा वकील म्हणून राहिलेला बुसबेक हा क्लुसियसचा स्नेही. त्यानं क्लुसियसला ट्युलिपचे कंद आणि पुष्कळसं बी दिलं. पुढचा एक वकील, डाव्हिट उंगनाड, यानं हॉर्स चेस्टनट पाठवला. युरोपातल्या रस्त्यांवर आज सावली धरून उभी असलेली ही झाडं म्हणजे त्या पाठवणीचे वंशज आहेत. ट्युलिपचं पहिलं शास्त्रीय वर्णन झुरिकच्या गेस्नरनं आधीच केलेलं होतं. १५५९ च्या एप्रिलमध्ये त्यानं आउग्सबुर्गच्या एका बागेत ते फूल पाहिलं होतं. म्हणजे ट्युलिप युरोपात प्रथम आणणारा म्हणून क्लुसियसचं नाव घेतात ते बरोबर नाही. त्याचं काम त्याहून वेगळं आणि माझ्या मते अधिक अवघड होतं. हे परकं फूल कसं वागतं ते त्यानं वर्षानुवर्षं पाहून शिकून घेतलं आणि ते इतरांना शिकवलं.

ट्युलिपचा कंद आपल्या कांद्यासारखाच. मध्ये आखूड खोड आणि त्याभोवती अन्न साठवलेल्या जाड पानांच्या घड्या. वसंतात फूल येऊन गेलं की पानं काही आठवडे हिरवी राहतात आणि पुढल्या वर्षीची शिदोरी जमिनीखाली साठवतात. म्हणून फूल सुकलं तरी पानं कापायची नाहीत, आपोआप पिवळी पडू द्यायची. जुना कंद संपून जातो, त्याच्या जागी नवा मोठा कंद आणि शेजारी दोनतीन पिल्लं तयार होतात. उन्हाळ्यात हे कंद काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवतात. बाहेरून ते मेल्यासारखे दिसतात. आत मात्र पुढल्या वर्षीचं फूल तेव्हाच आकार घेत असतं. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान, थंडी पडू लागली की, ते पुन्हा लावायचे. टोक वर, आणि कंदाच्या उंचीच्या साधारण तिप्पट खोल. जमीन वाळूमिश्रित हवी, पाणी साचता कामा नये. कंद विकत घेताना टणक आणि हाताला जड लागणारा घ्यावा, मऊ पडलेला किंवा बुरशी आलेला टाकावा. पुढले तीनचार महिने त्याला गारठा लागतो. त्या गारठ्यानं आतल्या पिष्टाची साखर होते आणि दांडा लांबण्याची तयारी होते. ही थंडी मिळाली नाही तर फूल पानांच्या बेचक्यातच अडकून बसतं. आपल्याकडे पुण्या-नाशकाच्या बागांत ट्युलिप टिकत नाही त्याचं कारण हेच. शीतगृहात ठेवून तयार केलेले कंद कुंडीत लावले तर एक बहर मिळतो, दुसऱ्या वर्षी बहुधा नुसती पानं.

हे झालं कंदाचं. बियांपासून ट्युलिप करायचा तर फुलासाठी पाच ते सात वर्षं थांबावं लागतं. क्लुसियस थांबला. बुसबेककडून मिळालेलं बी त्यानं पेरलं, रोपं सांभाळली आणि पहिली फुलं आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बियांची संतती आईसारखी निघत नाही. कुठलं लाल, कुठलं पिवळं, कुठलं पांढरं. कंदाच्या पिल्लाला मात्र आईचाच रंग येतो. फुलण्याच्या काळावरून त्यानं लवकरचे, मधले आणि उशिराचे असे वर्ग पाडले. कधीकधी एखाद्या एकरंगी ट्युलिपवर एकाएकी ज्वाळेसारख्या रेघा उमटतात, हेही त्यानं टिपून ठेवलं. असा रंग फुटलेला कंद हळूहळू क्षीण होत जातो आणि अखेर मरतो. जणू जाण्यापूर्वी धन्याचा निरोप घेण्यासाठीच तो नटतो, असं क्लुसियसला वाटलं होतं. निरीक्षण अगदी अचूक होतं, कारण मात्र कळायला साडेतीनशे वर्षं जावी लागली. १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये डोरोथी केली या संशोधिकेनं दाखवून दिलं की हा रोग आहे. तो विषाणूमुळे होतो आणि मावा ही कीड त्याचा प्रसार करते. ज्या रेघांसाठी लोकांनी पुढे घरंदारं गहाण टाकली, ती आजाराची लक्षणं होती.

व्हिएन्नातलं वैभव फार काळ टिकलं नाही. १५७६ मध्ये मॅक्सिमिलियन वारला. नवा सम्राट दुसरा रुडॉल्फ कॅथलिक कडवेपणाकडे झुकलेला. प्रॉटेस्टंट मंडळींना दरबारात जागा उरली नाही आणि क्लुसियसची नोकरी गेली. तरी तो आणखी दहा-बारा वर्षं त्याच शहरात राहिला. योहान आइखहोल्ट्स या वैद्य मित्राच्या घरी मुक्काम आणि त्याच्याच बागेत काम. ऑस्ट्रियाचे डोंगर त्यानं पालथे घातले. बाल्थाझार बाथ्यानी या हंगेरियन सरदाराच्या आश्रयानं तिकडची रानं पाहिली, आणि अळंब्यांचा अभ्यास केला. अळंब्यांवर त्यानं पुढे छापलेलं प्रकरण या विषयावरचं पहिलं स्वतंत्र लेखन मानलं जातं. पगार नाही, घर नाही, लग्न केलेलं नाही. अशा माणसाची दौलत काय, तर चिठ्ठ्या आणि पुडकी.

क्लुसियसला आलेली सुमारे दीड हजार पत्रं आज उपलब्ध आहेत, त्यातली बहुतेक लायडन विद्यापीठात जतन केलेली आहेत. तीनशेच्या वर माणसांची ही पत्रं, अर्धा डझन भाषांतली. त्यांत राजेरजवाडे आहेत, वैद्य आणि औषधविक्रेते आहेत, व्यापारी आहेत आणि स्त्रियाही पुष्कळ आहेत. शीमेची राजकन्या मारी द ब्रिमू हिचं नाव त्यात ठळक. पत्राबरोबर बी येई, वाळलेली फांदी येई, शेवाळात गुंडाळलेला कंद येई. उत्तरात तसलंच काही परत जाई. या देवघेवीत पैसा नव्हता. ज्याच्याकडे दुर्मीळ फूल आहे त्यानं त्याची पिल्लं मित्राला द्यायची, मित्रानं आपल्याकडचं काही पाठवायचं, आणि दिलेलं कुणाकडून आलं ते विसरायचं नाही, हा अलिखित नियम. आपल्याकडे शेजारच्या अंगणातून मोगऱ्याची फांदी किंवा सोनटक्क्याचा गड्डा मागून आणताना जो संकोच वाटत नाही, तो याच नियमामुळे. रोपाचे पैसे देऊ केले तर अजूनही कित्येक घरांत माणसं रागावतात.

१५८८ मध्ये क्लुसियस फ्रँकफर्टला गेला. हेस्सेच्या विल्हेल्म या सरदाराकडून त्याला वार्षिक तनखा मिळू लागला. त्याच वर्षी माँसच्या गव्हर्नरकडून त्याला भेट म्हणून दोन गाठाळ मुळं आणि एक फळ आलं होतं. दक्षिण अमेरिकेतून आलेली ती वनस्पती त्यानं लावली, वाढवली, मित्रांना वाटली आणि पुढे तिचं सविस्तर वर्णन छापलं. ती वनस्पती म्हणजे बटाटा. आपल्या उपासाच्या ताटातल्या बटाट्याची युरोपातली सुरुवातीची वाटचालही अशी या कंद वाटणाऱ्या माणसाच्या हातून गेलेली आहे.

१५९२ मध्ये विल्हेल्म वारला आणि त्याच्या वारसानं तनखा बंद केला. क्लुसियस सहासष्ट वर्षांचा झाला होता. पुन्हा एकदा पडून कंबरेजवळचा सांधा निखळला आणि कुबड्या आल्या. अशा वेळी लायडनहून बोलावणं आलं. स्पेनच्या वेढ्याला दाद न देणाऱ्या या शहरात १५७५ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं होतं. त्या तरुण विद्यापीठाला वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी बाग हवी होती. मारी द ब्रिमूनं आपलं वजन खर्च केलं. क्लुसियसनं शिकवायची जबाबदारी घ्यायचं नाकारलं, आणि तरीही विद्यापीठानं त्याला नेमलं. १५९३ च्या ऑक्टोबरमध्ये तो लायडनला पोचला. कंद लावण्याचा हंगाम होता. त्याचं सामान म्हणजे मुख्यतः तेच.

त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून प्रत्यक्ष आखणीसाठी डेल्फ्टचा औषधविक्रेता डर्क क्लाउट याला आणण्यात आलं. क्लाउट उत्तम माळी होता आणि मधमाश्यांवर डच भाषेत पुस्तक लिहिणारा जाणकारही. १५९४ च्या सप्टेंबरपर्यंत बाग उभी राहिली. बाग केवढी, तर एखाद्या वाड्याच्या मागच्या अंगणाएवढी, साधारण चाळीस मीटर लांब आणि त्याहून थोडी कमी रुंद. तिच्यात हजाराहून अधिक प्रकारची झाडं होती. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की, वैद्यकाच्या नावानं काढलेल्या या बागेत औषधी नसलेली झाडंच जास्त होती. ज्याचा काही उपयोग नाही, जे नुसतं सुंदर किंवा चमत्कारिक आहे, तेही अभ्यासाच्या लायकीचं आहे, हा विचार त्या वाफ्यांतून मांडला गेला. क्लुसियसच्या त्या बागेची जुन्या यादीवरून केलेली प्रतिकृती आज लायडनला पाहायला मिळते.

याच वर्षी आणखी एक पाहुणा क्लुसियसकडे आला, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. सेव्हिलचा वैद्य सिमोन दे तोवार यानं मेक्सिकोहून आलेला एक कंद एंकहाउझेनच्या पालुदानुस या वैद्याला पाठवला होता. १५९४ च्या डिसेंबरात पालुदानुसनं तो क्लुसियसच्या हवाली केला. ही वनस्पती म्हणजे निशिगंध. आपल्या मंडईत जी गुलछडी म्हणून किलोनं विकली जाते, हारात ओवली जाते, तीच. मेक्सिकोतून निघालेलं हे फूल पुढं कधीतरी हिंदुस्थानात आलं आणि इतकं आपलंसं झालं की ते परकं आहे हे सांगितलं तर ऐकणारा हसतो. ट्युलिप हॉलंडचा नाही आणि निशिगंध महाराष्ट्राचा नाही. दोघांनाही ज्यांनी प्रेमानं वाढवलं त्यांचीच नावं चिकटली.

आता चोरीची गोष्ट. क्लुसियसच्या चरित्रातली हीच गोष्ट सगळ्यांत जास्त सांगितली जाते. लायडनच्या म्हाताऱ्यानं ट्युलिपचे कंद असे घट्ट धरून ठेवले होते, किंवा किंमत अशी अवाच्या सवा सांगितली होती, की शेवटी लोकांनी रात्री बागेत शिरून ते पळवले आणि त्यातूनच हॉलंडचा ट्युलिपचा धंदा उभा राहिला, असं म्हणतात. चोऱ्या झाल्या हे खरं. १५९६ मध्ये आणि पुन्हा १५९८ मध्ये चोरांनी वाफे उकरले, एकदा तर शंभराच्या वर कंद गेले. म्हातारा खचून गेला. पण कंजुषीचा आरोप मला पटत नाही. आयुष्यभर ज्यानं पुडकी बांधून वाटली, ज्याची दीड हजार पत्रं त्या वाटण्याची साक्ष देतात, तो माणूस अखेरीस एकाएकी कवडीचुंबक झाला असं मानायला आधार काय? शिवाय ट्युलिप हॉलंडमध्ये यायला क्लुसियसच्या बागेची वाट पाहत नव्हता. रेयसारख्या हौशी मंडळींच्या बागांत तो आधीपासून होता. खुद्द लायडनमध्येही होता.

बदलला होता तो जमाना. फुलांच्या नादात आता असे लोक आले होते ज्यांना देवघेवीचा नियम ठाऊक नव्हता किंवा मान्य नव्हता. ते कंद मागत आणि पुढे विकत. मागूनही मिळाला नाही की दाम बोलत, आणि दामानंही मिळाला नाही की भिंत चढत. व्यापारी आणि कारागीर पैशासाठी या विद्येत शिरू लागल्यानं ती हलकी होईल, अशी खंत क्लुसियसनं पत्रांतून व्यक्त केली आहे. त्यात खानदानी माणसाचा तोरा नाही असं नाही. कारागिराच्या परसातही ट्युलिप फुलावा यात वाईट काय होतं? आज कुठल्याही डच बाजारात सामान्य माणूस पिशवीभर कंद विकत घेऊन खिडकीतल्या कुंडीत लावतो, ते या व्यापारी मंडळींमुळेच शक्य झालं. इथं मी क्लुसियसच्या बाजूनं पूर्णपणे उभा राहू शकत नाही. पण ज्या वस्तूला आपण भेट समजत होतो तिच्यावर भावाची चिठ्ठी लागलेली पाहताना माणसाला काय वाटतं, हे मात्र समजू शकतो.

कुबड्यांवरचा हा म्हातारा अखेरपर्यंत कामात होता. १६०१ मध्ये त्याचा वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ निघाला. हजारावर चित्रांच्या त्या ग्रंथात ट्युलिपसकट सगळ्या कंदफुलांचं आयुष्यभर जमवलेलं ज्ञान आहे. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या जहाजांवरच्या वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी पूर्वेकडच्या फांद्या, पानं, फळं कागदात दाबून आणावीत अशी सूचनापत्रं गेली, त्यामागेही क्लुसियसच होता. १६०५ मध्ये दूरदेशींच्या वनस्पती-प्राण्यांवरचा त्याचा ग्रंथ आला. त्यात डोडो पक्ष्याचं चित्र आहे आणि गोव्याचा ओर्ता पुन्हा एकदा आहे. अडतीस वर्षांनीही क्लुसियसनं त्याला सोडलेलं नव्हतं.

शेवटच्या दोनतीन वर्षांत फ्लॉरेन्सच्या मात्तेओ काच्चिनी या गृहस्थाशी त्याची पत्रं चालू होती. काच्चिनीकडे एक नाजूक रानटी ट्युलिप आला होता. पाकळ्या पांढऱ्या आणि बाहेरच्या अंगाला गुलाबी-लाल पट्टा. ऐंशी वर्षांचा क्लुसियस त्याच्या कंदासाठी उत्सुक होता. ४ एप्रिल १६०९ रोजी, बागेत ट्युलिप फुलण्याच्या दिवसांत, तो लायडनला वारला. त्या रानटी ट्युलिपला पुढे शास्त्रज्ञांनी त्याचंच नाव दिलं, ट्युलिपा क्लुसियाना. तो इराण-अफगाणिस्तानपासून आपल्या पश्चिम हिमालयापर्यंत डोंगरउतारांवर आपोआप उगवतो.

क्लुसियस गेल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी ट्युलिपचा प्रसिद्ध सट्टा कोसळला. १६३६-३७ च्या हिवाळ्यात कंद जमिनीत पुरलेले असतानाच त्यांचे करार हातोहात फिरत होते. घेणाऱ्यानं माल पाहिलेला नसे, देणाऱ्याकडे तो नसे. ५ फेब्रुवारी १६३७ रोजी अल्कमार इथल्या लिलावात एका मृत खानावळवाल्याच्या अनाथ मुलांसाठी विकलेल्या कंदांचे नव्वद हजार गिल्डर आले. त्याच आठवड्यात हार्लेममध्ये गिऱ्हाईक मिळेनासं झालं आणि भाव गडगडले. सगळा देश भिकेला लागला या कथा अतिरंजित आहेत, असं अलीकडच्या संशोधकांनी कागदपत्रं तपासून दाखवलं आहे. मोडलं ते मुख्यतः विश्वास. दिला शब्द पाळायचा की नाही, हा प्रश्न गावोगावच्या पंचांपुढे आला. क्लुसियसच्या पत्रव्यवहारात जी गोष्ट कागदावर लिहिलेली नव्हती, तीच नेमकी कराराच्या कागदांवरूनही नाहीशी झाली होती.

काश्मीरमध्ये झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या काठी, २००७ मध्ये ट्युलिपची मोठी बाग सुरू झाली. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची हजारो माणसं ती पाहायला जातात. तिथले कंद हॉलंडहून आणलेले आहेत. ज्या मध्य आशियाच्या आणि हिमालयाच्या उतारांवर ट्युलिपचं कुळ जन्मलं, त्यांच्याच कुशीत तो तुर्कस्तान, व्हिएन्ना, लायडन असा चारशे वर्षांचा फेरा करून, पैसे मोजून परत आला. या फेऱ्यातल्या कितीतरी वळणांवर कुणीतरी कुणाला तरी कंद नुसता देऊन टाकला होता. त्यातला एक मोठा देणारा लायडनच्या चर्चमध्ये पुरला गेला. त्या चर्चचे आज थोडे अवशेष उरले आहेत. त्याच्या बागेतले वाफे मात्र अजूनही दर ऑक्टोबरात नव्यानं भरले जातात.